डोंगरावरची बोलणी

बापूनं एका हातानं माझं बोट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं दिगंबर साबळ्यांचं. भैरोबाच्या डोंगराची पायवाट जेमतेम एका माणसापुरती, दोन्ही बाजूंना बोरींची काटेरी झुडपं, आणि त्या वाटेनं आम्ही तिघं एका ओळीत आडवे चाललो होतो. माझ्या साडीचा काठ सारखा अलीकडच्या बोरीत अडकत होता आणि साबळ्यांची पँट पलीकडच्या. मधला बापू मात्र मोकळ्या वाटेनं ऐटीत चालला होता.

"बापू, एकाचा तरी हात सोड," मी म्हटलं.

"नाही. आईनं सांगितलंय, दोघांच्या मधेच राहायचं."

पाच वर्षांचं पोर, पण सांगितलेलं काम चोख करायचं. पुढं त्याची मोठी बहीण चारू चालली होती आणि दर वळणाला मागं बघून आमची तोंडं तपासत होती. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, तिच्यावर वेगळी कामगिरी सोपवली होती. दोघं काय काय बोलतात ते सगळं लक्षात ठेवायचं. आणि सगळ्यांच्या पुढं काठीनं गवत झोडत चालला होता हेमू, साबळ्यांचा नऊ वर्षांचा पुतण्या. त्याच्या आजीनं त्याला काय पढवून पाठवलंय ते अजून बाहेर यायचं होतं, पण काहीतरी पढवलेलं होतं हे त्याच्या चोरट्या नजरेवरून कळत होतं.

या सगळ्या लवाजम्याला कारण मीच होते. कोरेगावला मुलींच्या शाळेत मी पी.टी. शिकवायचे. वय सव्विसाच्या पुढं गेलेलं, म्हणजे तेव्हाच्या मापानं घोडनवरीच. साबळ्यांचं स्थळ आलं, पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा साताऱ्याला टेलिफोन खात्यात. दिवसभर लोकांची बोलणी जोडून देणारा हा माणूस आमच्या घरी तासभर बसला आणि एकच वाक्य बोलला, "पोहे छान झालेत." ते ताईनं केले होते.

बाकी सगळं त्यांच्या आईनं विचारलं. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, आडून आडून विषय काढला की कुमुदला शाळेची फार आवड आहे. त्यावर आक्का म्हणाल्या, "बघू की पुढं." आमच्याकडं 'बघू पुढं' म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. सिनेमाला जाऊ का विचारलं की अण्णा तेच म्हणायचे आणि सिनेमा निघून जायचा.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी विचारलं, काय कळवू? मी म्हटलं, माणूस वाईट दिसत नाही, पण पोहे खाताना कुणीच वाईट दिसत नाही. मला त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे, लग्नानंतर मी शाळेत जाणार की नाही. उत्तर आक्कांचं नको, त्यांचं स्वतःचं हवं. ते मिळेपर्यंत माझं हो नाही. ताईनं कपाळावर हात मारून घेतला. आई गेल्यापासून माझ्या लग्नाची काळजी तिनं अंगावर घेतली होती आणि आता ती दमली होती. पण अण्णांनी वाट काढली. तालुक्याच्या गावात लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघंच हिंडली असती तर पारावर दुसरा विषय उरला नसता, पण देवाला जायला कोण नको म्हणणार? सोबत पोरं द्यायची. रविवारी सकाळच्या एस.टी.नं आक्का, दिगंबर आणि हेमू आमच्याकडं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. आक्का इतक्या पटकन कबूल झाल्या की मलाच शंका आली.

तर असे आम्ही निघालो. संक्रांत नुकतीच झाली होती. हवेत गारवा होता, खाली ज्वारी उभी होती आणि शिवारातून हरभऱ्याचा आंबूस वास येत होता. डोंगर म्हणजे काही गड नव्हे. शाळेच्या पोरींना घेऊन मी तो कितीदा चढले होते. तासाभरात माथा आणि माथ्यावर भैरोबाचं लहानसं देऊळ.

पहिल्या वळणावर मी धीर केला. "तुम्हाला एक विचारायचं होतं," असं म्हणाले मात्र, तिन्ही पोरं जागच्या जागी थांबली. चारू तर दोन पावलं मागं आली. आता शाळेचं काय विचारणार, कपाळ.

"डोंगर आवडतो का तुम्हाला?"

"हो," दिगंबर म्हणाले.

पुढं चालताना चारू ओठातल्या ओठात घोकत होती, डोंगर आवडतो का, हो. डोंगर आवडतो का, हो. आता तिला नातवंडं झालीत, पण तो सगळा दिवस तिला अजून तोंडपाठ आहे आणि कुणी विचारलं नाही तरी ती म्हणून दाखवते.

अर्ध्या वाटेवर बोरांनी लगडलेली एक मोठी बोर लागली आणि तिथं आमची शिस्त मोडली. हेमूनं दगड भिरकावले, बापूनं दोन्ही हात सोडले आणि दिगंबर बाह्या सरसावून त्या झाडात शिरले. मी बघत राहिले. घरात बसलेला तो पाहुणा कुठं गेला कोण जाणे. फांदी हलवत होते, हाताला काटे लागत होते, आणि खाली पोरांवर बोरांचा सडा पडला की स्वतःच खदखदून हसत होते. मग रुमालात बोरं गोळा करून एकेक तपासून किडकी बाजूला टाकली. पहिली मूठ बापूला, मग हेमूला आणि चारूला. मला देताना मूठ पुढं केली, पण बोलले काही नाही. बोरं मात्र सगळी टपोरी होती. मला तो माणूस आवडायला लागला होता आणि त्याचाच राग येत होता. आवडून काय करू? मुका माणूस आवडला आणि घरात शब्द आक्कांचाच चालला, तर माझं मैदान गेलंच.

माथ्यावर मोकळं पठार आहे. सपाट जागा दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करणार? पदर खोचला आणि पोरांना खो-खोला बसवलं. पाच जणांत खो-खो होत नाही, पण नियम बदलले की होतो. बापूला दिशा कळेना, हेमूला खो मिळायच्या आधीच तो उठायचा, मी ओरडून ओरडून बसवत होते. एका डावात दिगंबर पळणारे आणि मी पाठलागावर. आपण नवरी आहोत, सावकाश चालावं, हे ताईचं सांगणं मी पार विसरले. त्यांना चकवा दिला, झेप घेतली आणि पाठीवर असा धपका हाणला की ते गवतात जाऊन बसले. चारू घोकायची थांबली. सगळे माझ्याकडं बघत राहिले.

हेमूला राहवलं नाही. "काका, आजीनं बघून यायला सांगितलंय, ह्या बाई कुणाचं ऐकतात का ते. ह्या तर कुणाचंच ऐकत न्हाईत."

दिगंबर पँट झटकत उठले. म्हणाले, "खरंय. आपणच सगळे ऐकतोय त्यांचं." आणि परत जाऊन रांगेत बसले.

दुपारी देवळाच्या सावलीत शिदोरी सोडली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डब्यातलं घट्ट दही. जेवायच्या आधी हेमूनं खिशातली सुपारी काढून देवापुढं ठेवली. आक्कांनी मुद्दाम दिली होती, जमू दे म्हणून की मोडू दे म्हणून, ते देवालाच ठाऊक. जेवण झालं तशी पोरं देवळाच्या ओट्यावर गेली आणि आम्ही दोघं खालच्या पायरीवर बसलो. मधे बापू होताच, पण पेंगत होता. मी परत तोंड उघडणार, तेवढ्यात वरून चारूची हाक आली. "बापू, ये. लग्नाची बोलणी खेळायची आहेत. तू मध्यस्थ. आणि मावशी, तुम्ही दोघं नवरानवरी. तुम्ही तिथंच बसायचं आणि काही बोलायचं नाही."

यात तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं बोलणी म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोरासमोर बसून ठरवतात. मानपान, वऱ्हाड, जेवण, देणंघेणं, सगळं. मुलगा असलाच तर कोपऱ्यात मान खाली घालून बसतो, मुलगी तर आतच असते. सगळं ठरलं की सुपारी फोडतात. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग कुणाला मागं फिरता येत नाही.

चारू अण्णांची मांडी घालून बसली, अगदी तसाच गुडघा हलवत. समोर हेमूनं दिगंबरांचा टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि बघता बघता तिथं आक्का बसल्या. तसंच हात हलवणं, तसंच बोलायच्या आधी खाकरणं. दिगंबर तोंडावर हात ठेवून हसायला लागले. मीही हसत होते.

"वऱ्हाड पाचशे येनार," हेमू म्हणाला.

"शंभर," चारू म्हणाली. "आमच्या दारात मावायला नको का?"

दोनशेवर जमलं. जेवणाला चारूनं बुंदी सांगितली, हेमू जिलबीवर अडला. मध्यस्थ बापूनं दोन्ही करा म्हणून निकाल दिला आणि तो लगेच मान्य झाला. मुलीला साड्या, मुलाला घड्याळ, देवदर्शन, सगळं पटापट ठरत गेलं. शेवटी बापूनं विचारलं, फोडू का आता? आणि देवापुढची ती सुपारी उचलून आणली. हेमूनं त्याला थांबवलं, टॉवेल सारखा केला आणि खाकरला.

"आनि एक. पोरीनं साळा सोडायची. साबळ्यांची सून मैदानात शिट्या फुकत हिंडली तर गाव हसंल." मग आवाज बारीक करून, आपल्याच आवाजात, तो चारूला समजावून सांगायला लागला, "पन हे आत्ता बोलायचं नसतं. आजी म्हनती, हे सुपारी फुटल्यावर बोलायचं."

माझं हसू तिथंच थांबलं. 'बघू पुढं'चा अर्थ मला कळत होता, तरी कानांनी ऐकणं वेगळं असतं. मला वाटलं, संपलं. आता खाली उतरायचं, अण्णांना नाही सांगायचं, ताईचं रडणं ऐकायचं. मी दिगंबरांकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते आणि नजर पायाच्या अंगठ्यावर होती. मी मनात म्हटलं, बस असाच. तुझ्यासारख्यांमुळंच घरं अशी चालतात.

बापूला यातलं काही कळलं नव्हतं. त्यानं सुपारी ओट्यावर ठेवली, दोन्ही हातांनी दगड उचलला, आणि खाली आणणार तोच दिगंबर उठून पुढं झाले आणि सुपारीवर त्यांनी आपला तळहात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "मला बोलायचंय."

हेमू वैतागला. "काका, नवऱ्यानं बोलायचं नसतं. तू गप बसायचं."

"आज बोलणार." त्यांनी घसा साफ केला. पुढचं वाक्य जुळवायला त्यांना इतका वेळ लागला की बापूचे दगड धरलेले हात थरथरायला लागले. "मुलगी शाळा सोडणार नाही. लग्नाच्या आधी नाही आणि नंतरही नाही. हे ठरत असेल तर फोड. नसेल तर मला नवरा व्हायचं नाही."

"आमच्याकडून कबूल," चारू ताबडतोब म्हणाली.

हेमू अडचणीत आला. टॉवेलातून त्यानं काकाकडं बघितलं. "आजी वरडंल की."

"ओरडू दे."

"मग मला काय," हेमू म्हणाला, "कबूल."

दिगंबरांनी हात काढला. बापूनं डोळे मिटून दगड आपटला. सुपारी फुटली नाही, ती टुणकन उडाली आणि पायऱ्यांवरून गवतात गेली. तिन्ही पोरं आरडाओरडा करत तिच्यामागं धावली. आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या पायरीवर आम्ही दोघंच उरलो.

आता वेळ होती तर मला बोलता येईना. आनंद इतका झाला होता की रडू येईल असं वाटत होतं, आणि पी.टी.च्या बाईंनी रडायचं नसतं. म्हणून मी तिरकसच बोलले. म्हटलं, "खेळात बोलणं सोपं असतं."

त्यांनी विचार केला. "मला दोन्हीकडं अवघडच जातं," ते म्हणाले.

"आक्कांपुढं बोलाल?"

"कधी बोललो नाही." मग पोरं धावली तिकडं बघत, "सकाळपासून तुम्हाला हेच सांगायचं होतं, की आई नोकरीला नाही म्हणणार आहे आणि मला ते पटत नाही. पण ही पोरं मधून हालेनात."

मी कपाळावर हात मारून घेतला. अख्खा डोंगर आम्ही दोघं एकच गोष्ट पोटात घेऊन चढलो होतो. तेवढ्यात पोरं सुपारी घेऊन आली. यावेळी हेमूनं ती टॉवेलाच्या घडीत धरली, बापूनं दगड मारला आणि तिचे स्वच्छ दोन तुकडे झाले. पोरांनी टाळ्या पिटल्या, भैरोबापुढची घंटा वाजवून वाजवून कान किटवले.

उतरताना उन्हं कलली होती. बापू दिगंबरांच्या खांद्यावर होता, त्यामुळं आमच्या मधे कुणीच नव्हतं, पण बोललो मात्र फारसं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. देवळाच्या ओट्यावर नऊ वर्षांच्या आक्का होत्या. घरी खऱ्या बसल्या होत्या.

त्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. परक्या घरीसुद्धा रिकाम्या हातानं बसायचं त्यांना ठाऊक नव्हतं. समोर अण्णा, दाराशी ताई. आम्ही पाय धुऊन आत आलो तशी बापूनं उभ्या उभ्या बातमी दिली, "सुपारी फुटली."

"कसली रं सुपारी?" आक्का म्हणाल्या.

हेमूनं सगळं सांगितलं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. देवापुढं ठेवलेली सुपारी पोरांनी उचलून फोडली होती, आणि तीही देवासमोर. अण्णा घाईघाईनं म्हणाले की पोरांचा खेळ आहे, मनावर घेऊ नका. आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"देवाम्होरं फुटलेल्या सुपारीला खेळ कसं म्हणावं, पाव्हणं?" त्या म्हणाल्या. "बरं, ठरलं तरी काय काय?"

चारू याचीच वाट बघत होती. हात मागं बांधून तिनं सगळं म्हणून दाखवलं. वऱ्हाड दोनशे, बुंदी आणि जिलबी, साड्या, घड्याळ. आणि त्याच सुरात, श्वासही न घेता, मुलगी शाळा सोडणार नाही, लग्नाच्या आधी नाही आणि नंतरही नाही.

आक्कांनी हेमूकडं पाहिलं, हेमूनं काकाकडं.

"हे कोन बोललं?"

दिगंबर दाराच्या चौकटीला टेकले होते, ते सरळ झाले. त्यांचा आवाज फुटायला दोन खेपा लागल्या.

"मी बोललो, आक्का. खेळात नाही. आत्ताही तेच बोलतोय."

आक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"म्हंजे तुला तोंड हाय तर," त्या म्हणाल्या. "मला वाटलेलं, बापावर गेलाय." मग हातातली शेंग सुपात टाकून त्या अण्णांकडं वळल्या. "माज्या येळंला सुपारी फुटली तवा मी आत भाकरी थापत हुते, पाव्हणं. मला कुनी इचारलं न्हाई. ठक्कन आवाज तेवढा आला. वैनी म्हनल्या, झालं बाई तुजं. मी तशीच पुढली भाकर तव्यावर टाकली."

ताई पदरानं डोळे पुसत होती. आक्कांनी मान वर करून थेट माझ्याकडं पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

"साळंत जायचं तर जा. पर साळंतनं आल्यावर च्या मिळायचा न्हाई, माज्याच्यानं तुजी उठबस व्हायची न्हाई. आपला आपुन करून घ्यायचा."

"तुमचाही करीन," मी म्हटलं.

"ते बघू पुढं." हसल्या की नाही, कळलं नाही. "आता येक सांग. त्यो बोलला, पोरं बोलली, म्या बोलले. तुला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. तुला पटतोय का माजा पोरगा? तुज्या तोंडानं सांग. मला ऐकायचंय."

बोलण्यांच्या सतरंजीवर मुलीला असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मला लाजून, खालच्या मानेनं सांगायचं होतं, निदान ताईच्या समाधानासाठी. पण माझा गळा मैदानावर तयार झालेला. अख्ख्या शाळेला कवायतीला उभं करायची सवय. तोंडातून 'हो' आलं ते एवढं मोठं की सुपातल्या शेंगांशी खेळत बसलेला हेमू दचकून उठला आणि समोरच्या दारातल्या काकू काय झालं म्हणून बाहेर आल्या.

आक्कांनी पुढची शेंग उचलली.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "आत भाकरी थापनारीलाबी ऐकू गेलं आसंल."